अमेरिकेतले शिक्षण कायदे, दोन पक्ष आणि समान संधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांना अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी शाळेत, घातलेले मराठी पालक, तिकडे शिकायला निघालेले विद्यार्थी आणि बातम्या वाचून गोंधळलेले इकडचे नातेवाईक यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. माहिती देताना मी माझं मतही लपवलेलं नाही. मागे पडणारी मुलं सरकारी हिशेबात दिसली पाहिजेत, हा नियम डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन यांनी मिळून केला. अमेरिकी शिक्षणात या दोन पक्षांनी एकत्र केलेलं हे सर्वांत मोलाचं काम आहे असं मी मानतो, आणि आज तेच धोक्यात आहे.

अमेरिकेतल्या शाळा नेमकं कोण चालवतं?

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांचे, असं दहावी घटनादुरुस्ती सांगते. त्यामुळे शाळा हा राज्यांचा विषय झाला आणि राज्यांनी तो बहुतांशी स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टकडे सोपवला. देशभरात अशी सुमारे तेरा हजार डिस्ट्रिक्ट आहेत. बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं स्कूल बोर्ड कारभार पाहतं. शिक्षकांची भरती, पुस्तकं, बसचे मार्ग, शाळा भरण्याची वेळ हे सगळं तिथे ठरतं.

आपल्याकडे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं शिक्षण समवर्ती सूचीत आणलं, म्हणून दिल्लीत धोरण बदललं की त्याची धग जिल्हा परिषदेच्या शाळेला लागते. वॉशिंग्टनला तसा थेट हुकूम सोडता येत नाही. शाळांच्या एकूण खर्चात केंद्राचा, म्हणजे फेडरल सरकारचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो. बाकीचा पैसा राज्य आणि स्थानिक करांतून येतो, आणि त्यात घरांवरच्या मालमत्ता कराचा भाग फार मोठा आहे.

मग केंद्राची गरजच काय?

मालमत्ता करावर शाळा चालली की महागड्या वस्तीतल्या शाळेकडे पैसा जास्त आणि गरीब वस्तीतल्या शाळेकडे कमी, हे ओघानंच आलं. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या एजवूड डिस्ट्रिक्टमधले पालक याच अन्यायाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. शिक्षण हा केंद्रीय राज्यघटनेनं दिलेला मूलभूत हक्क नाही, असा तो निकाल होता. केंद्राच्या न्यायालयाचं दार त्या दिवशी बंद झालं आणि लढाई राज्यांच्या न्यायालयांत आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, सरकली.

त्याआधी १९५४ साली ब्राउन खटल्यात वर्णावरून वेगळ्या शाळा ठेवणं घटनाबाह्य ठरलं होतं आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा आला होता. मग ११ एप्रिल १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्यावर सही केली. सहीसाठी ते टेक्सासमधल्या आपल्या लहानपणच्या शाळेत गेले आणि आपल्या पहिल्या बाईंना त्यांनी शेजारी बसवलं. तरुणपणी ते स्वतः मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांचे मास्तर होते. या कायद्याचा गाभा म्हणजे 'टायटल वन': गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना केंद्राकडून जादा निधी. आज ही रक्कम वर्षाला अठरा अब्ज डॉलरच्या घरात आहे. पुढे आलेले 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' (२००२) आणि 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट' (२०१५) हे दोन्ही कायदे याच १९६५ च्या कायद्याच्या सुधारित आवृत्त्या आहेत.

दोन पक्षांचं शिक्षणात नेमकं कशावरून वाजतं?

मुख्य भांडण अधिकाराचं आहे. रिपब्लिकन पक्षाचं म्हणणं, निर्णय राज्यानं आणि पालकांनी घ्यावा. केंद्रानं पैसे द्यावेत पण अटी कमी घालाव्यात, आणि पालकांना सरकारी पैशातून खासगी शाळा निवडता यावी. डेमोक्रॅटिक पक्षाचं म्हणणं, राज्यांवर सोडलं तेव्हा काय झालं ते वर्णावरून वेगळ्या शाळा ठेवणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांनी दाखवलं आहे. म्हणून केंद्रानं पैसा वाढवावा, नागरी हक्कांवर लक्ष ठेवावं आणि सरकारी शाळांचा पैसा खासगीकडे वळू देऊ नये.

पण पक्षांच्या आतही तट आहेत. डेमोक्रॅट गोटात शिक्षक संघटनांना परीक्षांचा ससेमिरा नको असतो, तर नागरी हक्क संघटनांना त्याच परीक्षांचे आकडे हवे असतात. रिपब्लिकन गोटात उद्योगजगताला कडक मोजमाप हवं असतं आणि स्थानिक स्वातंत्र्यवाल्यांना ते डोळ्यांसमोर नको असतं. त्यामुळे तडजोडीची रेघ पुष्कळदा दोन पक्षांच्या बरोबर मधून न जाता आडवीतिडवी जाते.

इतके मतभेद असताना एकत्र येतात तरी कसे?

एक कारण नियमाचं आहे. सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहात, १०० सदस्य असतात आणि बहुतेक कायद्यांवरची चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० मतं लागतात. एकाच पक्षाकडे साठ जागा क्वचितच असतात. त्यामुळे कायदा हवा तर समोरच्याचा दरवाजा ठोठावावाच लागतो.

दुसरं कारण मतदारसंघाचं. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या शाळेला आणि डेट्रॉइटमधल्या शाळेला टायटल वनचा पैसा सारखाच लागतो. ग्रामीण रिपब्लिकन खासदाराच्या भागात कित्येकदा शाळा हीच गावातली सर्वांत जास्त नोकऱ्या देणारी जागा असते.

'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' हा कायदा खरंच दोन्ही पक्षांचा होता?

हो, आणि अगदी मनापासून. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ८ जानेवारी २००२ रोजी ओहायोतल्या हॅमिल्टन इथल्या हायस्कूलमध्ये त्यावर सही केली. प्रतिनिधीगृहात, म्हणजे खालच्या सभागृहात, ३८१ विरुद्ध ४१ आणि सिनेटमध्ये ८७ विरुद्ध १० अशी मतं पडली होती. चार माणसांनी तो घडवला: डेमोक्रॅट एडवर्ड केनेडी आणि जॉर्ज मिलर, रिपब्लिकन जॉन बेनर आणि जड ग्रेग. केनेडी त्या काळातले सर्वांत ठळक उदारमतवादी सिनेटर, तर बेनर केंद्राचं शिक्षण खातंच नको म्हणणाऱ्यांतले. सहीनंतर हीच मंडळी राष्ट्राध्यक्षांबरोबर बॉस्टनलाही गेली.

सौदा असा होता: डेमोक्रॅटना जादा निधी, रिपब्लिकनना निकालाची सक्ती. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा, हायस्कूलमध्ये एकदा. आणि शाळेच्या सरासरीबरोबरच प्रत्येक गटाचा निकाल वेगळा जाहीर करायचा: कृष्णवर्णीय मुलं, लॅटिनो मुलं, गरीब घरची मुलं, अपंग मुलं, इंग्रजी शिकणारी मुलं.

या शेवटच्या अटीचं महत्त्व पटकन लक्षात येत नाही. एखाद्या सुखवस्तू उपनगरातल्या शाळेची सरासरी ८५ टक्के असली की सगळे खूश. त्याच शाळेतली तीस गरीब मुलं वाचायला अडखळतात, हे सरासरीत दिसतच नाही. २००२ नंतर ते दिसायला लागलं, कायद्यानं दाखवावं लागलं. ज्या मुलांबद्दल आजवर कोणी प्रश्न विचारला नव्हता, त्यांच्याबद्दल मुख्याध्यापकांना उत्तर द्यावं लागलं.

मग तो कायदा इतका बदनाम का झाला?

कारण त्यात अशक्य ते लिहिलं होतं. २०१३-१४ पर्यंत शंभर टक्के मुलं वाचन आणि गणितात 'प्रवीण' झाली पाहिजेत, असं उद्दिष्ट होतं. दरवर्षी ठरलेली प्रगती एका गटातही चुकली तरी पूर्ण शाळेवर 'नापास' असा शिक्का. चांगली सुधारणा करणाऱ्या शाळांवरही तो बसला. शिक्षेची उतरंड ठरलेली होती: आधी मुलांना दुसऱ्या शाळेत जाण्याची मुभा, मग बाहेरच्या शिकवण्या, मग शाळेची फेररचना.

प्रवीण म्हणजे किती गुण, हे मात्र प्रत्येक राज्य स्वतः ठरवणार होतं. तेव्हा काही राज्यांनी पातळीच खाली आणली. ज्या विषयांचे गुण शाळेच्या या हिशेबात धरले जात नव्हते, म्हणजे इतिहास, विज्ञान, चित्रकला, संगीत, त्यांचे तास पुष्कळ शाळांत आटले. अटलांटात तर शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्या. २०१५ साली त्या प्रकरणात अकरा जण न्यायालयात दोषी ठरले. मला या प्रकरणाचं सर्वांत वाईट वाटतं ते मुलांसाठी: कागदावर ती हुशार ठरली आणि म्हणून त्यांना मिळायची ती जादा मदत मिळाली नाही.

तरी फक्त अपयश म्हणून त्याची बोळवण करणं चूक आहे. चौथीच्या गणितात, विशेषतः मागे असलेल्या मुलांची, प्रगती झाल्याचं अभ्यासकांना आढळलं. वाचनात तसं दिसलं नाही.

कायद्याची मुदत २००७ ला संपली. काँग्रेसला नवा कायदा जमेना. तेव्हा ओबामा सरकारनं २०१२ पासून राज्यांना अटींतून सूट द्यायला सुरुवात केली, पण बदल्यात स्वतःच्या अटी घातल्या: कॉलेज आणि नोकरीची तयारी होईल असे नवे अभ्यासमानक, आणि मुलांच्या गुणांवरून शिक्षकांचं मूल्यमापन. चाळीसहून जास्त राज्यांनी ही सूट घेतली. शिक्षणमंत्री सगळ्या देशाचं स्कूल बोर्ड होऊन बसला आहे, अशी तक्रार उजवीकडून आणि डावीकडूनही येऊ लागली, आणि त्या रागातूनच पुढची तडजोड शक्य झाली.

२०१५ चा 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट' कसा जमून आला?

हा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण सहकार्य प्रत्यक्षात कसं चालतं ते इथे दिसतं.

२०१५ च्या जानेवारीत सिनेटच्या शिक्षण समितीचे अध्यक्ष झाले टेनेसीचे रिपब्लिकन लामार अलेक्झांडर. ते टेनेसीचे गव्हर्नर होते आणि थोरल्या बुश यांच्या काळात शिक्षणमंत्रीही. समितीतल्या ज्येष्ठ डेमोक्रॅट होत्या वॉशिंग्टन राज्याच्या पॅटी मरी. त्या पूर्वी बालवाडीत शिकवत आणि स्कूल बोर्डावरही होत्या. अलेक्झांडर यांनी आधी स्वतःचा मसुदा मांडला. बहुमत त्यांच्याकडे होतं, समितीतून तो पुढे रेटता आला असता. मरी यांनी त्यांना सुचवलं की असा एकतर्फी मसुदा घेऊन पुढे जाण्यापेक्षा दोघांनी मिळून नवा लिहूया. त्यांनी ऐकलं. हा सल्ला मरी यांचाच होता, हे ते पुढे उघडपणे सांगत राहिले.

एप्रिलमध्ये समितीत मतदान झालं: २२ विरुद्ध शून्य. त्या समितीत केंद्राचा हस्तक्षेपच नको म्हणणारे रिपब्लिकन रँड पॉल होते, आणि डावीकडचे बर्नी सँडर्स आणि एलिझाबेथ वॉरनही होत्या. या तिघांचं एकमत होणारे विषय फार नाहीत.

खालच्या सभागृहात चित्र उलट होतं. मिनेसोटाचे रिपब्लिकन जॉन क्लाइन यांचं विधेयक जुलैत २१८ विरुद्ध २१३ असं कसंबसं निघालं. एकाही डेमोक्रॅटचं मत त्याला नव्हतं, आणि व्हाइट हाउसनं नकाराधिकाराचा इशाराही दिला होता. त्याच महिन्यात सिनेटनं आपलं विधेयक ८१ विरुद्ध १७ मतांनी मंजूर केलं. आता दोन वेगळे मसुदे जुळवायचे होते. क्लाइन आणि व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट बॉबी स्कॉट, अलेक्झांडर आणि मरी हे चौघं आणि त्यांचे सहाय्यक उन्हाळा आणि शरद ऋतू त्यातच गढले. बेनर यांनी सभापतिपद सोडलं, पॉल रायन आले, तरी वाटाघाटी तुटल्या नाहीत. संयुक्त समितीत ३९ विरुद्ध १, प्रतिनिधीगृहात ३५९ विरुद्ध ६४, सिनेटमध्ये ८५ विरुद्ध १२. ओबामा यांनी १० डिसेंबर २०१५ रोजी सही केली.

त्या तडजोडीत कोणी काय सोडलं?

रिपब्लिकनांनी खासगी शाळांसाठीचं सरकारी व्हाउचर सोडलं. टायटल वनचा पैसा मुलामागे फिरावा, म्हणजे मूल श्रीमंत शाळेत गेलं तर पैसाही तिकडे जावा, ही त्यांची मागणीही गळाली. दरवर्षीच्या परीक्षाही त्यांनी राहू दिल्या.

डेमोक्रॅटांनी केंद्राचा हात आखडून घेतला. कुठलं अभ्यासमानक घ्यायचं, शिक्षकांचं मूल्यमापन कसं करायचं हे शिक्षणमंत्र्यानं सांगायचं नाही, असं कायद्यातच लिहिलं गेलं. शाळा सुधारायची कशी, हे राज्य आणि डिस्ट्रिक्ट ठरवणार. मरी यांना बालवाडीसाठीच्या अनुदानाची तरतूद मात्र मिळाली.

आणि जे दोघांनीही राखलं ते असं: गटनिहाय निकाल जाहीर करणं, किमान ९५ टक्के मुलांची परीक्षा, म्हणजे कच्च्या मुलांना त्या दिवशी घरी बसवता येऊ नये, सर्वांत मागे असलेल्या पाच टक्के टायटल वन शाळा आणि ज्या हायस्कूलांतून एक तृतीयांशाहून जास्त मुलं पदवीविना बाहेर पडतात त्या शाळा, यांच्यासाठी राज्यानं काहीतरी करणं बंधनकारक. शिवाय प्रत्येक शाळेत दर मुलामागे किती डॉलर खर्च होतात, हेही आता जाहीर करावं लागतं.

माझ्या मते राज्यांना जरा जास्तच मोकळीक मिळाली. 'काहीतरी करणं' म्हणजे नेमकं काय, हे पुष्कळ राज्यांनी अगदी पातळ करून टाकलं. गटात किती मुलं असली की निकाल मोजायचा, हा आकडाही राज्यच ठरवतं. आकडा मोठा ठेवला की छोट्या शाळांतली मुलं पुन्हा हिशेबाबाहेर.

सही झाल्यावर सहकार्य टिकलं का?

फार काळ नाही. कायदा लागू करण्याचे नियम ओबामा सरकारनं लिहिले होते. मार्च २०१७ मध्ये रिपब्लिकन बहुमतानं ते रद्द केले, सिनेटमध्ये ५० विरुद्ध ४९ अशा काठावरच्या मतांनी. कायदा एकमतानं झाला, पण त्याचा अर्थ कोणी लावायचा यावर ते एकमत पोहोचलंच नव्हतं.

अपंग मुलांच्या कायद्याचं काय?

१९७५ पूर्वी अमेरिकेतल्या शाळा पाचांपैकी एकाच अपंग मुलाला शिकवत होत्या. दहा लाखांहून जास्त मुलांना शाळेचं दारच बंद होतं. त्या वर्षी प्रचंड उभयपक्षीय बहुमतानं कायदा झाला आणि रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी मनात शंका ठेवूनही सही केली. आज तो 'आयडिया' या नावानं ओळखला जातो. सत्तर लाखांहून जास्त मुलांना त्याखाली मोफत आणि योग्य शिक्षण मिळतं, प्रत्येकासाठी 'आयईपी' नावाचा स्वतंत्र आराखडा करून.

त्याच कायद्यात काँग्रेसनं म्हटलं होतं की या मुलांसाठी येणाऱ्या जादा खर्चाचा वाटा ४० टक्क्यांपर्यंत केंद्र उचलेल. पन्नास वर्षांत ते एकदाही झालं नाही. प्रत्यक्ष वाटा सध्या १५ टक्क्यांच्याही खाली आहे. 'पूर्ण निधी द्या' असं विधेयक दोन्ही पक्षांचे सदस्य मिळून पुन्हा पुन्हा मांडतात आणि ते पुन्हा पुन्हा पडून राहतं. एका बाजूला वचन, दुसऱ्या बाजूला रिकामा हात, आणि मधली भर डिस्ट्रिक्ट इतर खर्च कापून घालतात. याचा मला मनापासून राग येतो.

मुली, बेघर मुलं, स्थलांतरितांची मुलं?

१९७२ च्या 'टायटल नाइन'नं केंद्राचा पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत लिंगभेदाला बंदी घातली. डेमोक्रॅट पॅट्सी मिंक, ईडिथ ग्रीन आणि बर्च बाय यांनी तो लढवला, सही रिपब्लिकन निक्सन यांची. बेघर मुलांसाठीच्या १९८७ च्या कायद्याला एका रिपब्लिकन आणि एका डेमोक्रॅट खासदाराचं नाव आहे, मॅकिनी आणि व्हेंटो. घर नसलं, पत्त्याचा पुरावा नसला तरी मुलाला शाळेत लगेच घ्यावं लागतं, ते याच कायद्यामुळे. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना शाळा नाकारता येत नाही, हे मात्र काँग्रेसनं नव्हे, १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं प्लायलर खटल्यात ठरवलं.

कॉलेजच्या खर्चात दोन्ही पक्षांनी मिळून काही केलं आहे का?

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पेल अनुदान. १९७२ ला सुरू झालं, ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांचं नाव त्याला नंतर मिळालं. हे कर्ज नव्हे, परत करायचं नसतं. २०२५-२६ साठी कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे.

ते मिळवायला 'फाफ्सा' नावाचा अर्ज भरावा लागतो. पूर्वी त्यात शंभराहून जास्त प्रश्न होते. ज्या घरात कॉलेज पाहिलेलं कोणी नाही, तिथे मूल या अर्जापाशीच थांबायचं. अलेक्झांडर सिनेटमध्ये हा अर्ज उलगडून लांबच्या लांब धरून दाखवायचे. अखेर त्यांनी आणि मरी यांनी मिळून डिसेंबर २०२० मध्ये तो सुटसुटीत करणारा कायदा केला. अंमलबजावणी मात्र ढिसाळ झाली. नवा अर्ज २०२३ च्या अगदी शेवटी सुरू झाला, तांत्रिक घोळ महिनोन्महिने चालले आणि २०२४ मध्ये कॉलेजात जाणाऱ्या मुलांचे फार हाल झाले.

कौशल्य शिक्षणाचा २०१८ चा पर्किन्स कायदाही असाच एकमताचा. त्यावर फारसा वाद झाला नाही म्हणून बातम्याही झाल्या नाहीत.

आम्ही एच-१बी व्हिसावर आहोत. यातलं आमच्या मुलांना काय लागू होतं?

शाळेपुरतं जवळजवळ सगळं. पब्लिक स्कूलचा प्रवेश, आयडियाखालची मोफत तपासणी आणि आयईपी, इंग्रजीसाठी मदत, टायटल नाइन, यांत नागरिकत्व आड येत नाही.

इंग्रजीच्या मदतीबद्दल थोडं अधिक. १९७४ च्या लाऊ खटल्यात सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी भाषिक मुलांच्या बाजूनं निकाल लागला, तेव्हापासून भाषा न समजणाऱ्या मुलाला नुसतं वर्गात बसवून ठेवणं बेकायदा आहे. प्रवेशाच्या वेळी 'घरी कोणती भाषा बोलता' असा फॉर्म येतो. मुलाला 'ईएसएल'मध्ये, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वेगळ्या वर्गात, टाकतील, ते मागे पडेल, या भीतीनं काही मराठी पालक तिथे 'इंग्रजी' लिहितात. तसं करू नका. मराठी लिहा. फॉर्मवरून मूल थेट त्या वर्गात जात नाही, आधी चाचणी होते, आणि गरज निघालीच तरी तो कार्यक्रम नाकारण्याचा हक्क पालकांना आहे. खोटं लिहिलं तर गरजेची मदतच हातची जाते.

मूल उशिरा बोलतंय, वाचनात अडखळतंय असं वाटलं तर तपासणीची मागणी लेखी करा. तोंडी विनंतीचा पुरावा राहत नाही.

कॉलेजात मात्र चित्र वेगळं. एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या, मुलांना पेल अनुदान किंवा केंद्राचं शैक्षणिक कर्ज मिळत नाही. ग्रीन कार्ड असेल तर मिळू शकतं. राज्याच्या रहिवाशांसाठीची कमी फी लागू होते का, ते राज्याराज्यांवर अवलंबून आहे.

शिक्षण खातं बंद झालं म्हणतात, ते खरं का?

कायद्यानं नाही. १९७९ साली जिमी कार्टर यांच्या काळात काँग्रेसनं ते स्थापलं आणि बंद करायचं तर काँग्रेसनंच कायदा करायला हवा. रेगन यांनाही ते नको होतं, पण त्यांना तेवढी मतं मिळाली नाहीत.

२० मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ते मोडीत काढण्याच्या दिशेनं आदेश काढला. कर्मचारी निम्म्यावर आणले गेले, आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयानं ही कपात तूर्त चालू ठेवायला परवानगी दिली. नागरी हक्क विभागाची बारापैकी सात प्रादेशिक कार्यालयं बंद झाली. नोव्हेंबरमध्ये शालेय कार्यक्रमांचा कारभार श्रम खात्याकडे देण्याचे करार जाहीर झाले.

मला सर्वांत जास्त काळजी शैक्षणिक आकडेवारी गोळा करणाऱ्या केंद्राची वाटते. २०२५ च्या कपातीनंतर तिथे मोजकीच माणसं उरली. २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीच्या एक तृतीयांश मुलांचं वाचन मूलभूत पातळीच्या खाली निघालं, इतकं वाईट प्रमाण त्या चाचणीत कधी नव्हतं. हे आपल्याला कळलं ते मोजणारी माणसं होती म्हणून. गटनिहाय निकालाचा कायदा कागदावर राहील आणि तो तपासणारं कोणी नसेल, तर २००२ पूर्वीची ती सरासरी पुन्हा येईल आणि तीस मुलं पुन्हा तिच्याआड जातील.

आज दोन पक्षांत सहकार्य उरलं आहे का?

आहे, पण त्याचं रूप बदललं आहे. नवे मोठे कायदे होत नाहीत. असलेलं वाचवण्यापुरते लोक एकत्र येतात. जुलै २०२५ मध्ये सरकारनं काँग्रेसनं आधीच मंजूर केलेले जवळपास सात अब्ज डॉलर अडवून ठेवले. शिक्षक प्रशिक्षण, इंग्रजी शिकणारी मुलं, शाळेनंतरचे वर्ग यांचा हा पैसा होता. डेमोक्रॅट राज्यं न्यायालयात गेली. त्याच वेळी वेस्ट व्हर्जिनियाच्या शेली मूर कॅपिटो यांच्या पुढाकारानं दहा रिपब्लिकन सिनेटरांनी पैसे सोडा असं पत्र दिलं. महिना संपायच्या आत पैसे सुटले. पुढच्याच आठवड्यात सिनेटच्या खर्च समितीनं शिक्षण खात्याचा निधी जवळजवळ तसाच ठेवणारं विधेयक २६ विरुद्ध ३ मतांनी पुढे पाठवलं.

दुसरीकडे, त्याच जुलैत खासगी शाळांच्या शिष्यवृत्तीसाठी देणगी देणाऱ्यांना केंद्रीय करसवलत देणारा कायदा झाला तो निव्वळ एका पक्षाच्या मतांवर. अलेक्झांडर यांनी २०१५ मध्ये एकमतासाठी अशीच मागणी बाजूला ठेवली होती.

दोन्ही पक्षांचं एकमत झालं म्हणजे कायदा चांगलाच, असं म्हणता येईल का?

नाही. शंभर टक्क्यांचं अशक्य उद्दिष्ट एकमतानंच लिहिलं गेलं होतं. आणि मालमत्ता करामुळे पडणारी दरी, जिथून हे सगळं सुरू झालं, तिला दोन्ही पक्षांनी मिळून फार क्वचित हात घातला. उपनगरातले मतदार दोघांनाही हवे असतात. ज्या कायद्यात गरीब मुलांसाठी काय राखलं हे सांगता येत नाही, त्याला किती मतं मिळाली यानं मला फरक पडत नाही.

मला मतदानाचा हक्क नाही. मी काय करू शकतो?

तुमच्या राज्याच्या शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेचं 'रिपोर्ट कार्ड' असतं. घर घेताना आपण एकूण गुणांकन पाहतो आणि थांबतो. गटनिहाय पान उघडा: गरीब मुलं, इंग्रजी शिकणारी मुलं, अपंग मुलं कुठे आहेत ते पाहा. दर मुलामागचा खर्च शेजारच्या शाळेशी ताडून पाहा.

स्कूल बोर्डाच्या सभा लोकांसाठी खुल्या असतात आणि बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिनिटं बोलू देतात. रहिवासी म्हणून बोला, त्यासाठी नागरिक असावं लागत नाही. ज्या डिस्ट्रिक्टला टायटल वनचा निधी मिळतो तिथे त्या पैशाच्या नियोजनात पालकांना सामील करून घेणं कायद्यानं बंधनकारक आहे, तेव्हा ती सभा कधी आहे हे शाळेला विचारा. आपल्या भागाच्या खासदाराच्या कार्यालयालाही पत्र लिहिता येतं. पत्रात एकच मुद्दा ठेवा, शाळेचं नाव लिहा, आणि रिपोर्ट कार्डवरचा आकडा जोडा.